थॅडियस स्टीव्हन्स : सहा महिन्यांच्या अटीपासून चौदाव्या घटनादुरुस्तीपर्यंत

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याने १७८० साली गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवणारा कायदा केला. परराज्यातून तात्पुरते येणाऱ्या मालकांसाठी या कायद्यात एक सवलत ठेवलेली होती. असा मालक आपला गुलाम सोबत आणून सहा महिन्यांपर्यंत ठेवू शकत असे, आणि मुदत उलटली की तो गुलाम स्वतंत्र झाला असे कायदा मानत असे. शेजारच्या मेरीलँड राज्यातील चॅरिटी बटलर ही गुलाम स्त्री मालकाच्या घरच्या मंडळींच्या दिमतीला पेनसिल्व्हेनियात अनेकदा येऊन राहिली होती. या सगळ्या मुक्कामांची बेरीज सहा महिन्यांपेक्षा जास्त होते, म्हणून आपण आणि आपली मुले स्वतंत्र आहोत, असा तिचा दावा होता. मालकाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या तरुण वकिलाने न्यायालयापुढे मुद्दा मांडला की, कायद्यातले सहा महिने सलग असले पाहिजेत, तुकड्यातुकड्यांनी जोडलेले चालणार नाहीत. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८२१ साली हा मुद्दा मान्य केला आणि चॅरिटी बटलर मुलांसह पुन्हा गुलामगिरीत गेली.

त्या वकिलाचे नाव थॅडियस स्टीव्हन्स. पंचेचाळीस वर्षांनंतर, १८६६ साली, हेच स्टीव्हन्स अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात चौदावी घटनादुरुस्ती मंजूर करून घेत होते. कोणतेही राज्य कोणत्याही व्यक्तीला कायद्याचे समान संरक्षण नाकारू शकणार नाही, हे वाक्य त्या दुरुस्तीने अमेरिकेच्या राज्यघटनेत आले. एका माणसाचा या दोन टोकांमधला प्रवास समजून घ्यायचा, तर त्या काळातली वकिली, अमेरिकेतली संघराज्याची रचना आणि गुलामगिरीभोवती विणलेले कायद्याचे जाळे या तिन्ही गोष्टी थोड्या उलगडून पाहाव्या लागतात.

स्टीव्हन्स यांचा जन्म ४ एप्रिल १७९२ रोजी व्हरमाँट राज्यातील डॅनव्हिल या गावी झाला. त्यांचे एक पाऊल जन्मतःच वळलेले होते आणि ते आयुष्यभर लंगडत चालले. वडील कुटुंबाला सोडून गेले, आणि आई सॅरा यांनी चार मुलांना एकटीने वाढवले. जवळच्या पीचम गावात चांगली शाळा होती, म्हणून त्या मुलांना घेऊन तिथे राहायला गेल्या. शेतीची अंगमेहनत या मुलाला झेपणार नाही, तेव्हा त्याला शिकवलेच पाहिजे, हा त्यांचा हिशेब होता. मुलाने १८१४ साली डार्टमथ कॉलेजातून पदवी घेऊन तो खरा करून दाखवला. पुढे पैसा हाती आल्यावर स्टीव्हन्स यांनी आईला शेतजमीन घेऊन दिली, आणि आपल्या हातून जे काही झाले ते तिच्यामुळे झाले, असे ते म्हणत.

त्या काळी वकील होण्यासाठी कायद्याच्या महाविद्यालयात जाण्याची गरज नसे. एखाद्या जुन्या वकिलाच्या हाताखाली पुस्तके वाचायची, त्याची कागदपत्रे उतरवायची, आणि मग जिल्ह्यातल्या वकिलांनी परीक्षा घेऊन सनद द्यायची, असा शिरस्ता होता. स्टीव्हन्स पेनसिल्व्हेनियातील यॉर्क गावात दिवसा शाळेत शिकवून उरलेल्या वेळात कायदा वाचत असत. मात्र दुसरा व्यवसाय करत कायदा शिकणाऱ्याला सनद देऊ नये, असा ठराव तिथल्या वकीलमंडळींनी केला. स्टीव्हन्स यांनी वाद घालत बसण्याऐवजी सरहद्द ओलांडून मेरीलँडमधील बेल एअर गाठले, तिथे परीक्षा दिली, सनद घेतली आणि १८१६ साली गेटिसबर्ग येथे कचेरी थाटली. एका दारावर अट लावलेली असेल तर दुसरे दार कायदेशीरपणे शोधायचे, ही त्यांची रीत पुढे संसदेतही दिसते.

गेटिसबर्ग हे नाव पुढे १८६३ च्या लढाईमुळे जगाला माहीत झाले. १८१६ साली ते छोटेसे गाव होते आणि मेरीलँडची सरहद्द तिथून अवघ्या काही मैलांवर होती. त्या रेषेच्या दक्षिणेला माणूस ही मालमत्ता होती आणि उत्तरेला ती प्रथा कायद्याने संपत आलेली होती. त्यामुळे पळून आलेली माणसे, त्यांच्या मागावर आलेले मालक आणि ‘ही व्यक्ती नेमकी कोणाची’ असे आज वाचतानाही अंगावर काटा आणणारे दावे गेटिसबर्गच्या न्यायालयात नेहमीचे होते. चॅरिटी बटलरचा खटला त्यांतलाच एक. या खटल्याबद्दल स्टीव्हन्स यांना नंतर काय वाटले, हे त्यांच्या पुढच्या वागण्यावरूनच ताडावे लागते. दोन वर्षांनी, १८२३ च्या स्वातंत्र्यदिनाच्या मेजवानीत, ज्याने कधी कुणा माणसाच्या पायात बेड्या ठोकल्या नाहीत असा राष्ट्राध्यक्ष या देशाला लाभो, अशी जाहीर इच्छा त्यांनी व्यक्त केली. त्यानंतर पळून आलेल्या गुलामांच्या बचावासाठी ते वारंवार उभे राहिले. माझ्या समजुतीप्रमाणे १८२१ च्या निकालाने त्यांना एक गोष्ट पक्की शिकवली. न्यायाधीश कितीही भला असला तरी कायद्यात जे लिहिले आहे त्याच्या पलीकडे तो फारसा जाऊ शकत नाही, आणि लिहिलेल्या शब्दातली एक फट एका कुटुंबाचे आयुष्य गिळू शकते. ही फट बुजवायची तर ती न्यायालयात बुजत नाही, त्यासाठी कायदेमंडळातच जावे लागते.

ते राजकारणात शिरले मात्र वेगळ्याच वाटेने. फ्रीमेसन या गुप्त मंडळाच्या सभासदांना सरकारदरबारी झुकते माप मिळते, अशा रोषातून उभ्या राहिलेल्या पक्षातर्फे १८३३ साली ते राज्याच्या कायदेमंडळावर निवडून गेले. या विषयात त्यांनी सूडबुद्धीने वागावे इतकी टोकाची भूमिका घेतली, आणि त्यातून फारसे काही निष्पन्न झाले नाही. शिक्षणाच्या प्रश्नावर मात्र त्यांनी जे केले, ते केवळ तेवढ्यासाठीही त्यांचे नाव राहावे, अशा तोलाचे होते.

पेनसिल्व्हेनियात पूर्वी गरिबांच्या मुलांना सरकारी खर्चाने शिकता येत असे, पण त्यासाठी आईबापांना ‘आम्ही कंगाल आहोत’ अशी नोंद करून द्यावी लागत असे. ही नामुष्की नको म्हणून अनेक घरे मुलांना शाळेतच घालत नसत. १८३४ साली सर्वांसाठी मोफत शाळांचा कायदा झाला आणि त्यासाठी स्थानिक कर बसला. करावरून इतका ओरडा झाला की, वर्षाच्या आतच वरिष्ठ सभागृहाने तो कायदा रद्द करण्याच्या बाजूने मत दिले. ११ एप्रिल १८३५ रोजी स्टीव्हन्स कनिष्ठ सभागृहात बोलायला उभे राहिले. जुन्या कंगाल-नोंदीच्या कायद्याला खरे तर ‘गरिबांवर डाग देऊन त्यांना श्रीमंतांपासून वेगळे ओळखू येण्याजोगे करण्याचा कायदा’ असे नाव द्यायला हवे, असे ते म्हणाले. ‘माझी मुले शाळेत नाहीत, मग मी कर का भरू’ म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारले की, गुन्हेगारांना शिक्षा करण्यासाठी आणि तुरुंगात पोसण्यासाठी तुम्ही कुरकूर न करता कर भरता, मग माणूस गुन्हेगार होऊच नये यासाठी लागणारा कर तुम्हाला का टोचतो? सभागृहाचा कल त्या भाषणानंतर फिरला आणि मोफत शाळांचा कायदा टिकला. लंगड्या पायाच्या मुलासाठी गाव बदलणारी आई ज्याला मिळाली नाही, त्या मुलाचे काय, हा प्रश्न त्या भाषणाच्या मुळाशी आहे असे मला ते वाचताना वाटते.

१८३७-३८ मध्ये राज्याची घटना नव्याने लिहिण्यासाठी परिषद भरली. मताचा अधिकार फक्त गोऱ्या पुरुषांना राहील, अशी अट तिच्यात घालण्यात आली. परिषदेचे सदस्य असलेल्या स्टीव्हन्स यांनी त्या दस्तऐवजावर सही करण्यास नकार दिला.

त्यांच्या खासगी आयुष्यातही सरळ रेषा फार नाहीत. लोखंडाच्या भट्ट्यांच्या धंद्यात ते कर्जबाजारी झाले, आणि देणी फेडता यावीत म्हणून १८४२ साली मोठ्या गावी, लँकेस्टरला, वकिलीसाठी गेले. ते जुगार खेळत. आजारपणात केस गेल्यामुळे डोक्यावर केसांचा टोप घालत. जीभ अशी तिखट की, विरोधक त्यांच्याशी जाहीर वाद घालायला कचरत. लग्न त्यांनी केले नाही. लँकेस्टरच्या साउथ क्वीन स्ट्रीटवरील त्यांचे घर आणि कारभार लिडिया हॅमिल्टन स्मिथ या मिश्रवंशीय विधवेने वीस वर्षांच्या आसपास सांभाळला. दोघांच्या संबंधांवरून विरोधकांनी आयुष्यभर चिखलफेक केली. स्टीव्हन्स त्यांना ‘मिसेस स्मिथ’ असे मानाने संबोधत आणि इतरांनीही तसेच संबोधावे असा त्यांचा आग्रह असे. लिडियाबाईंनी स्वतःच्या नावावर घरे घेतली, व्यवहार केले आणि त्या गावातल्या एक यशस्वी व्यावसायिक झाल्या. या घराच्या आवारात एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्खनन झाले, तेव्हा जमिनीखाली पाणी साठवण्याचे एक विटांचे टाके सापडले. पळून आलेल्या गुलामांना लपवण्यासाठी त्याचा उपयोग केला जात असावा, असे उत्खनन करणाऱ्यांचे मत आहे.

स्टीव्हन्स १८४९ साली व्हिग पक्षाचे सदस्य म्हणून प्रथम राष्ट्रीय प्रतिनिधिगृहात बसले. पुढच्याच वर्षी संसदेने पळून गेलेल्या गुलामांना पकडून देण्याचा नवा, अधिक कडक कायदा केला. या कायद्याची एक तरतूद पाहिली की, त्याचे स्वरूप लक्षात येते. पकडलेल्या माणसाला मालकाच्या स्वाधीन करायचे की सोडायचे, हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला स्वाधीन केल्यास दहा डॉलर आणि सोडल्यास पाच डॉलर मेहनताना मिळे. पकडलेल्या माणसाला स्वतःची साक्ष देण्याचीही मुभा नव्हती. ११ सप्टेंबर १८५१ रोजी लँकेस्टर जिल्ह्यातच, क्रिस्तियाना गावाजवळ, एक मालक सरकारी अधिकाऱ्याला घेऊन आपले गुलाम पकडायला आला. तिथल्या कृष्णवर्णीय रहिवाशांनी एकजुटीने प्रतिकार केला आणि त्या चकमकीत मालक मारला गेला. सरकारने सुमारे चाळीस जणांवर थेट देशद्रोहाचा आरोप ठेवला. अमेरिकेच्या घटनेप्रमाणे देशद्रोह म्हणजे देशाविरुद्ध युद्ध पुकारणे किंवा शत्रूला साथ देणे. एका कायद्याच्या अंमलबजावणीला झालेला विरोध म्हणजे युद्धच, असा सरकारचा युक्तिवाद होता. फिलाडेल्फियात चाललेल्या या खटल्यात स्टीव्हन्स आरोपींच्या वकिलांपैकी एक होते. पहिला आरोपी कॅस्टनर हॅनवे याला ज्यूरीने काही मिनिटांत निर्दोष ठरवले आणि मग बाकीच्यांवरचे देशद्रोहाचे खटलेही बारगळले. १८२१ मध्ये ज्या कौशल्याने कायद्याच्या एका शब्दाचा अर्थ आवळला होता, त्याच कौशल्याने इथे ‘देशद्रोह’ या शब्दाचा अर्थ सैल होऊ दिला नाही.

मधली काही वर्षे ते संसदेबाहेर होते. १८५८ साली नव्या रिपब्लिकन पक्षातर्फे ते पुन्हा निवडून आले आणि १८६१ साली गुलामगिरी राखू पाहणारी दक्षिणेतली राज्ये संघातून फुटून यादवी युद्ध सुरू झाले तेव्हा करांची आणि खर्चाची व्यवस्था पाहणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाले. युद्धासाठी पैसा उभा करण्याचे किचकट काम त्यांच्याकडे होते, आणि सोन्याचा आधार नसलेल्या कागदी नोटा चलनात आणणारा १८६२ चा कायदा त्यांनीच प्रतिनिधिगृहातून पार करून घेतला. युद्धाची झळ त्यांना स्वतःलाही बसली. गेटिसबर्गच्या लढाईच्या काही दिवस आधी, जून १८६३ मध्ये, दक्षिणेच्या सैन्याने कॅलेडोनिया येथील त्यांची लोखंडाची भट्टी जाळून टाकली. भट्टी गुलामगिरीविरोधी पुढाऱ्याची आहे, हे जाळणाऱ्यांना ठाऊक होते.

युद्ध १८६५ साली संपले, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची हत्या झाली, तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली, आणि मग खरा अवघड प्रश्न उभा राहिला: बंड केलेली राज्ये आता काय आहेत? नवे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांचे म्हणणे असे की, संघातून फुटणे घटनेप्रमाणे शक्यच नव्हते, त्यामुळे ती राज्ये कधी बाहेर गेलीच नाहीत. काही व्यक्तींनी बंड केले, त्यांना माफी दिली की राज्ये आपोआप पूर्वीच्या जागी येतील. स्टीव्हन्स यांचा युक्तिवाद अगदी उलट होता. या राज्यांनी स्वतःचे सरकार काढले, सैन्य उभारले, चार वर्षे युद्ध केले आणि ती हरली. म्हणजे त्यांनी आपल्या कृतीने जुने नाते तोडले आणि आता ते जिंकलेले प्रदेश आहेत. अशा प्रदेशांचे काय करायचे हे संसद ठरवील. वरवर हा शब्दच्छल वाटतो, पण यावरच सगळे अवलंबून होते. पहिले म्हणणे मान्य केले तर दक्षिणेतले जुने मालकच पुन्हा सत्तेत येणार, आणि मुक्त झालेल्या सुमारे चाळीस लाख माणसांचे भवितव्य त्यांच्याच हाती जाणार होते. तसे घडूही लागले होते. मिसिसिपीसारख्या राज्यांनी १८६५ मध्येच कायदे करून मुक्त झालेल्या माणसांना दरवर्षी जानेवारीत कामाचा लेखी पुरावा दाखवण्याची सक्ती केली, शहराबाहेर जमीन भाड्याने घेण्याची बंदी घातली आणि काम नसलेल्याला भटक्या ठरवून दंड करण्याची सोय केली.

४ डिसेंबर १८६५ रोजी नवे प्रतिनिधिगृह भरले. दक्षिणेने पाठवलेल्या सदस्यांमध्ये कालपर्यंत बंडखोर सरकारात आणि सैन्यात मोठ्या पदांवर असलेली माणसे होती. नव्या सभागृहाची पहिली हजेरी गृहाचा लिपिक घेतो. त्या वेळचे लिपिक होते एडवर्ड मॅक्फर्सन, गेटिसबर्गचेच आणि स्टीव्हन्स यांच्या तालमीत तयार झालेले. त्यांनी हजेरी घेताना दक्षिणेतल्या राज्यांची नावे उच्चारलीच नाहीत. टेनेसीचे होरेस मेनार्ड हरकत घेण्यासाठी उभे राहिले, तेव्हा ज्याचे नाव यादीत नाही त्याला बोलता येणार नाही, म्हणून त्यांना थांबवण्यात आले. हजेरीच्या कागदावर नाव नाही म्हणून आसन नाही, आसन नाही म्हणून मत नाही. हे सगळे आधी ठरलेले होते, आणि या एका कृतीने दक्षिणेतल्या राज्यांच्या पुनर्रचनेची सूत्रे राष्ट्राध्यक्षांच्या हातून संसदेकडे आली. त्यानंतर दोन्ही सभागृहांची पंधरा जणांची संयुक्त समिती नेमली गेली आणि तिच्यातल्या प्रतिनिधिगृहाच्या सदस्यांचे नेतृत्व स्टीव्हन्स यांच्याकडे आले.

याच समितीतून चौदावी घटनादुरुस्ती आली. तिची गरज काय होती, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण १८६६ च्या एप्रिलमध्ये संसदेने जॉन्सन यांचा नकाराधिकार डावलून नागरी हक्कांचा कायदा केलेलाच होता. स्टीव्हन्स यांचे उत्तर वकिली व्यवहाराचे होते. साधा कायदा साध्या बहुमताने होतो आणि साध्या बहुमताने रद्दही होतो, त्यामुळे विरोधक सत्तेत आल्या दिवशी तो रद्द होईल. घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते आणि तीन-चतुर्थांश राज्यांची संमती लागते, म्हणून ती पुसून टाकणे जवळपास अशक्य असते.

दुसरे कारण आकड्यांचे होते आणि ते थोडे उलगडून सांगतो. प्रतिनिधिगृहात कोणत्या राज्याला किती जागा मिळायच्या हे लोकसंख्येवर ठरते. मूळ घटनेत या हिशेबासाठी पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असे मोजले जात होते. समजा, एखाद्या राज्यात पाच लाख गुलाम असतील, तर जागा ठरवताना ते तीन लाख धरले जात. गुलामगिरी संपल्यावर तेच पाच लाख पूर्ण पाच लाख म्हणून मोजले जाणार, म्हणजे दक्षिणेच्या जागा वाढणार होत्या, पण त्या पाच लाखांना मत द्यायचे की नाही हे ठरवणार होते तिथले जुने मालक. ज्यांनी बंड केले आणि जे हरले, त्यांचीच संसदेतली ताकद गुलामगिरी संपल्यामुळे वाढणार, असा हा विलक्षण पेच होता. यावर दुरुस्तीच्या दुसऱ्या कलमाने तोड काढली की, जे राज्य प्रौढ पुरुषांना मताधिकार नाकारील, त्याच्या जागा त्या प्रमाणात कमी केल्या जातील. दुर्दैवाने हे कलम पुढे कधीच अमलात आणले गेले नाही. शिवाय त्यात ‘पुरुष’ हा शब्द घटनेत प्रथमच आल्यामुळे मताधिकारासाठी झगडणाऱ्या स्त्रिया दुखावल्या गेल्या, आणि त्यांचे दुखावणे रास्त होते.

पहिल्या कलमाचा मसुदा मुख्यतः ओहायोचे जॉन बिंगहॅम यांचा. अमेरिकेत जन्मलेली आणि तिच्या अधिकारक्षेत्रातली प्रत्येक व्यक्ती नागरिक आहे, आणि कोणतेही राज्य योग्य कायदेशीर प्रक्रियेशिवाय कोणाचे जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता हिरावून घेऊ शकत नाही, कायद्याचे समान संरक्षण नाकारू शकत नाही, असे ते कलम सांगते. कृष्णवर्णीय माणूस नागरिक होऊच शकत नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात म्हटले होते. तो निकाल या एका वाक्याने निकामी झाला.

स्टीव्हन्स यांना यापेक्षा पुष्कळ अधिक हवे होते. सिनेटने, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, मसुदा आणखी मवाळ केला, तेव्हा त्यांच्या सहकाऱ्यांना वाटले, हा हट्टी म्हातारा आता तो फेटाळील. १३ जून १८६६ रोजी ते सभागृहात बोलले. या प्रजासत्ताकाच्या सगळ्या संस्था नव्याने घडवून त्यांतली विषमता मुळापासून काढून टाकावी, असे स्वप्न आपण तरुणपणापासून उराशी बाळगले होते, पण ते विरून गेले आहे, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. जुन्या इमारतीचे सर्वांत मोडके भाग तेवढे डागडुजी करून घेण्यावर समाधान मानावे लागेल, आणि बाकीच्या भागांतून जुलमाचे वादळवारे आत येतच राहतील, असे ते म्हणाले. इतका अपुरा मसुदा मी का स्वीकारतो, असे विचाराल तर माझे उत्तर आहे की, मी देवदूतांमध्ये नाही, माणसांमध्ये राहतो. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजारी माणसाने हे म्हणून मग त्या मसुद्याच्या बाजूने मत दिले. स्टीव्हन्स यांना माथेफिरू म्हणून रंगवणाऱ्यांनी हे भाषण लक्षात घेतलेले दिसत नाही.

दक्षिणेतल्या राज्यांपैकी टेनेसी वगळता इतरांनी ही दुरुस्ती नाकारली. त्यावर संसदेने मार्च १८६७ मध्ये कायदा करून उरलेल्या दहा राज्यांचे पाच लष्करी विभाग केले, तिथे कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार देणारी नवी राज्यघटना लिहिण्याची अट घातली आणि चौदावी दुरुस्ती मान्य केल्याशिवाय संसदेत परत येता येणार नाही असे ठरवले. जुलै १८६८ मध्ये पुरेशा राज्यांची संमती मिळून ती दुरुस्ती घटनेचा भाग झाली.

एका बाबतीत मात्र ते पूर्णपणे हरले, आणि माझ्या मते ती हार अमेरिकेला सर्वांत महाग पडली. ६ सप्टेंबर १८६५ रोजी लँकेस्टर येथे केलेल्या भाषणात त्यांनी जमिनीची योजना मांडली होती. दक्षिणेतल्या सुमारे ७०,००० बड्या जमीनदारांकडे ३९ कोटी ४० लाख एकर जमीन आहे, ती जप्त करावी, मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला चाळीस एकर द्यावी आणि उरलेली विकून युद्धाचे कर्ज आणि सैनिकांची निवृत्तिवेतने भागवावीत, अशी ती योजना होती. असे सुमारे दहा लाख पुरुष धरले तर त्यांना द्यायची जमीन होते चार कोटी एकर, म्हणजे जप्त होणाऱ्या जमिनीचा जेमतेम दहावा हिस्सा. मार्च १८६७ मध्ये त्यांनी हीच कल्पना विधेयकाच्या रूपाने आणली आणि घर बांधण्यासाठी पन्नास डॉलरची तरतूद तिच्यात घातली. त्यांचा विचार स्पष्ट होता: ज्याच्या हाती मत आहे पण पायाखाली स्वतःची जमीन नाही, त्याचे मत जमीनदाराच्या मर्जीवर राहते. उत्तरेतल्या त्यांच्याच पक्षाच्या सदस्यांनी साथ दिली नाही. आज दक्षिणेतल्या मालमत्तेला हात लावला तर उद्या तोच दाखला उत्तरेत दिला जाईल, ही धास्ती त्यांना होती. पुढे दक्षिणेत जे झाले ते शेतीशी संबंध असलेल्या कोणालाही ओळखीचे वाटेल. जुन्या मालकाची जमीन बटाईने कसायची, बियाणे आणि धान्य उधारीवर घ्यायचे, आणि सुगीनंतर हिशेब झाला की पुन्हा कर्जच शिल्लक राहायचे.

राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्यावरचा महाभियोग हा स्टीव्हन्स यांच्या आयुष्यातला शेवटचा मोठा लढा. संसदेच्या कायद्याला न जुमानता जॉन्सन यांनी युद्धमंत्री स्टँटन यांना पदावरून काढले, तेव्हा २४ फेब्रुवारी १८६८ रोजी प्रतिनिधिगृहाने महाभियोगाचा ठराव संमत केला. स्टीव्हन्स यांना तोवर चालवतही नव्हते. दोन माणसे त्यांना खुर्चीत बसवून उचलून सभागृहात आणत. भाषण पूर्ण करण्याइतका आवाज राहिला नव्हता, म्हणून उरलेला भाग सहकाऱ्याने वाचून दाखवला. सिनेटमध्ये दोन-तृतीयांश मतांसाठी एक मत कमी पडले आणि जॉन्सन वाचले. ११ ऑगस्ट १८६८ च्या रात्री स्टीव्हन्स यांचे वॉशिंग्टनमध्ये निधन झाले. संसद भवनाच्या घुमटाखाली त्यांचे पार्थिव ठेवले होते आणि पहाऱ्याला कृष्णवर्णीय सैनिक उभे होते.

त्यानंतरची गोष्ट लांब आहे. १८७७ साली दक्षिणेतून केंद्राच्या सैन्याचा आधार काढून घेण्यात आला, १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या आणि कृष्णवर्णीयांच्या सोयींबाबत ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य करून समान संरक्षणाच्या कलमातला जीव काढून घेतला, आणि १९५४ साली त्याच न्यायालयाने त्याच कलमाच्या आधारे शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. कलमाचे शब्द बदललेले नव्हते, आणि ते पुसले गेलेले नव्हते म्हणूनच हे शक्य झाले. या शब्दांचा प्रवास आपल्यापर्यंतही पोहोचला आहे. स्टीव्हन्स यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १८७३ साली, जोतीराव फुले यांनी आपला ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांच्या सन्मानार्थ अर्पण केला. १९४७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेपुढे ठेवण्यासाठी तयार केलेल्या निवेदनात अमेरिकेच्या १८६६ च्या नागरी हक्क कायद्याचा आधार दिला आहे. भारतीय संविधानाच्या चौदाव्या कलमातले ‘कायद्याचे समान संरक्षण’ हे शब्द अमेरिकेच्या चौदाव्या दुरुस्तीतूनच आलेले आहेत.

स्टीव्हन्स यांनी स्वतःच्या दफनासाठी घेतलेल्या जागेच्या कागदपत्रांत फक्त गोऱ्यांनाच तिथे पुरता येईल अशी अट आढळली, तेव्हा त्यांनी तो व्यवहार मोडला आणि लँकेस्टरमध्येच, वर्णाची अट नसलेल्या एका लहानशा दफनभूमीत जागा घेतली. तसे का केले, हे त्यांनी आपल्या थडग्याच्या दगडावर कोरून घेतले आहे. मृत्युपत्रात त्यांनी पीचमच्या दफनभूमीतल्या सेवकासाठी रक्कम ठेवली, ती अशा अटीवर की, त्याने दर वसंतात आपल्या आईच्या थडग्याच्या चारही कोपऱ्यांवर गुलाब आणि इतर प्रसन्न फुलझाडे लावावीत. लिडिया स्मिथ यांच्यासाठीही त्यांनी तजवीज केली. अनाथ, निराधार मुलांसाठी एक आश्रम काढण्याची तरतूद करताना मात्र त्यांच्यातल्या वकिलाने पळवाटेला जागाच ठेवली नाही. प्रवेश देताना किंवा वागवताना वंश वा वर्ण पाहू नये, जर्मन, आयरिश, मुसलमान किंवा अन्य कोणालाही वंशावरून वा आईबापांच्या धर्मावरून वगळू नये, सर्व मुलांना एकाच वर्गात, एकाच रीतीने शिकवावे, आणि सर्वांना एकाच पंगतीत जेवायला वाढावे, असे त्यांनी लिहून ठेवले. ती संस्था उभी राहायला बराच काळ लागला. १९०५ साली लँकेस्टरमध्ये तिची स्थापना झाली, आणि आज ती तंत्रशिक्षणाचे महाविद्यालय म्हणून चालू आहे.